आधी माझ्यावर, मग बाहुलीवर

मी फळी बोलतेय. जरा घाईत बोलतेय, सांभाळून घ्या. समोरच्या टेबलावर एका वाडग्यात पिवळा रंग कालवणं चाललंय. बाजूला चार बोटं रुंद ब्रश पडलाय आणि हा सगळा सरंजाम माझ्यासाठी आहे. तो ब्रश माझ्यापर्यंत पोचायच्या आत मला माझी अख्खी गोष्ट सांगून संपवायचीय. नंतर मी अशी दिसणार नाही. कशी दिसेन, ते मलाही माहीत नाही, आणि खरं सांगते, भीती वाटतेय. फळीला भीती नसते म्हणता? नका म्हणू. आज तरी नका.

तर जन्म. बाहुल्यांच्या कारखान्यात सुताराने एका कपाटाला पाठ ठोकली आणि उरलेला तुकडा कोपऱ्यात भिरकावला. तो उरलेला तुकडा म्हणजे मी. तीन वीत लांब, दोन वीत रुंद, साधं प्लायवूड. पहिलं वर्ष मी एका बादलीवरचं झाकण होते. बादलीत काय होतं ते विचारू नका, मीही आत कधी बघितलं नाही.

मग एक दिवस एक नवी मुलगी आली. वेणी घट्ट, बोटं लांब, तोंडातून शब्द नाही. तिला डोळ्यांच्या टेबलावर बसवलं. आमच्याकडे कामं वाटलेली असतात. ओठवाली ओठच रंगवते, केसवाली केसच ओवते. हिच्याकडे डोळे. तिने इकडेतिकडे बघितलं, बादलीवरून मला उचललं, फडक्याने पुसलं आणि ब्रश माझ्यावर टेकवला. एकच रेघ. रंग जास्त तर नाही ना, ब्रशचा केस फुटला तर नाही ना, एवढंच बघायला.

त्या दिवसापासून तिचा हा नियमच झाला. आधी माझ्यावर, मग बाहुलीवर. बाहुलीच्या चेहऱ्यावर हात चुकला तर अख्खं डोकं बाद. माझ्यावर चुकला तर काहीच बिघडत नाही. त्यामुळे चांगलं ते सगळं बाहुल्यांकडे गेलं आणि चुका सगळ्या माझ्याकडे. चौदा वर्षं! माझी काही तक्रार नव्हती हं. कुणाच्या तरी पहिल्या रेघेवर आपला हक्क आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

तिचा डोळा म्हणजे काय होता सांगू? आधी पांढरं, मग तपकिरी गोल, मग काळा ठिपका, पापण्यांच्या सात रेघा आणि शेवटी वरच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी पांढरी चमक. ती चमक पडली की बाहुली एकदम बघायला लागायची. मी हजारो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी अंगावर काटा. कारखान्यात सगळे तिला डोळेताईच म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीपत्रकात असेल कुठेतरी.

समोर केसवाली बसायची. जीभ म्हणजे कात्री. "डोळेताई, माझ्या नवऱ्याला लावून द्या हो असे डोळे. आहेत त्या डोळ्यांना घरातला पसारा दिसत नाही." डोळेताई हसायची, पण हात हलायचा नाही. हसताना हात हलू न देणं, हेच तिचं खरं कसब.

टेबलाखाली एक पोतं असायचं, परत आलेल्या बाहुल्यांचं. मला रात्री त्याच पोत्याला टेकवून ठेवायचे, म्हणून मला ठाऊक. डोळे झिजलेल्या, रंग उडालेल्या बाहुल्या, आणि प्रत्येकीच्या हाताला चिठ्ठी बांधलेली. एक चिठ्ठी तर मला पाठ आहे. मोठ्या, वाकड्या अक्षरात होती. 'माझ्या भावाने चाटून चाटून हिचा डावा डोळा पुसला. उजव्यासारखा नको. होता तसा हवा.' डोळेताईने ती वाचली होती आणि म्हणाली होती, "वेळ मिळाला की करू." वेळ कुणाला मिळतो? पोतं फुगत गेलं.

आणि एका सोमवारी फोरमन आले. हातात नवी कोरी तीन डोकी, डोळ्यांची जागा मोकळी.

"डोळेताई, एक चांगली बातमी आहे," ते म्हणाले. चांगली बातमी सांगताना माणसं घसा का खाकरतात, मला कळत नाही. "मशीन येतंय. आता डोळे छापले जाणार."

टेबलावरचे सगळे हात थांबले. केसवालीची सुई अर्ध्यात.

"पण छापायला मूळ जोडी लागते ना," फोरमन घाईघाईने पुढे म्हणाले, "ती तुमची! या तीन डोक्यांपैकी एकावर अगदी मापात बसणारी जोडी काढून द्यायची. तिसऱ्या शनिवारी बारा वाजता मशीनवाला घेऊन जाईल. मग काय, जगभर तुमचेच डोळे. आणि तुम्हाला तपासणीची खुर्ची. पाठ टेकायला येते, बरं का."

"आणि नाही जमलं तर?" हे डोळेताईने नाही, केसवालीने विचारलं.

"न जमायला काय झालंय? चौदा वर्षं तेच करतायत." फोरमन हसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "नाही जमलं तर ते त्यांचेच डोळे छापतील. मग तपासायलाही त्यांचाच माणूस येईल. माझ्या हातात काही नाही, ताई."

ते गेल्यावर डोळेताईने ब्रश उचलला. माझ्यावर टेकवला. पुन्हा टेकवला. पुन्हा. त्या दिवशी पहिल्यांदा तिने एका डोळ्याआधी अकरा वेळा मला विचारलं. आणि मी मोजत होते, कारण मला भीती वाटायला लागली होती.

गुरुवारपर्यंत बोटं आखडली. डोळे एकसारखे येईनात. रोजच्या कामातल्या बाद डोक्यांची टोपली भरू लागली. तुम्ही ती टोपली बघायला हवी होती! एक रागावलेली, एक झोपाळू, एक अशी बघतेय की जणू तिने घरातलं काहीतरी चोरलंय. फोरमन येऊन मापाची पट्टी लावायचे. ती पारदर्शक असते, मधे डोळ्याएवढं भोक. डोळा भोकाबाहेर केसभर जरी गेला, तरी ते मान हलवायचे. बोलायचे काही नाहीत. न बोलणारा फोरमन बोलणाऱ्यापेक्षा वाईट.

आता तिची लेक. कॉलेजात जाते, बोलायला लागली की श्वास घेत नाही. (मला आवडते. आमचं जमतं.) तिने आईचा हात बघितला आणि परस्पर एका रविवारच्या क्लासमध्ये नाव घालून टाकलं.

"चित्रांचा क्लास? अगं, मी आठवडाभर रंगच लावते!"

"ते वेगळं, आई. इथे काही ठरवायचंच नाही. मनात येईल ते, हात जाईल तिकडे. मोकळं व्हायचं. एकदा जाऊन तर बघ, नाही आवडलं तर सोड, मी काय बळजबरी करतेय?"

"हे बळजबरी नाही तर काय आहे?"

गेली मात्र. आणि पिशवीत मला घालून गेली! हो, शप्पथ. चित्रकलेच्या क्लासला कुणी कागद नेतं, कुणी रंग नेतं. हिने ब्रश टेकवायची फळी नेली.

तो क्लास म्हणजे हीच खोली, जिथे मी आत्ता टांगलेली आहे. खाली कपडे धुण्याचं दुकान, त्यामुळे जमीन सारखी थरथरते आणि साबणाचा वास येतो. भिंतींना चिकटवलेले माणसाएवढे कागद. शिकवणारी बाई साठीची, हाताला कोपरापर्यंत रंग. सगळे तिला मावशी म्हणतात. मावशी शिकवत काहीच नाही. फक्त सांगते, आधी ठरवू नका, पुसू नका आणि दुसऱ्याच्या चित्राला काही म्हणू नका. "छानसुद्धा म्हणायचं नाही. छान म्हटलं की माणूस तिथेच घर बांधतो." आणि कागद भरला तर? त्याच्यावरच पुढचं रंगवायचं.

डोळेताई कागदासमोर उभी. मला पिशवीतून काढून स्टुलावर ठेवलं, ब्रश बुडवला, माझ्यावर टेकवला. मग कागदाकडे बघितलं. पुन्हा माझ्यावर.

"ही कोण?" मावशीने विचारलं.

"ही... ब्रश टेकवायला. हिच्याशिवाय मला सुरुवात होत नाही."

"टेकवा की मग."

तासाभराने कागद पांढराफेक आणि माझ्या अंगावर चाळीस नव्या रेघा. मावशी परत आली. "रंग सगळा तिकडेच चाललाय."

"सवय हो. ही काय, रफ आहे."

"हात जिकडे जातोय तिकडे जाऊ द्या ना. कागदाचं काय, तो रागावणार नाही."

डोळेताईचे कान लाल झाले. तिला वाटलं मावशी थट्टा करतेय. शेवटच्या पाच मिनिटांत लाजेकाजेस्तव तिने कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक डोळा काढला. चौदा वर्षांत पहिल्यांदा, माप नाही, पट्टी नाही, फोरमन नाही. आणि तो डोळा वाकडा आला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला पिशवीत कोंबलं आणि सरळ जिना उतरली.

पुढचा आठवडा कसा गेला ते आठवलं तरी माझे पापुद्रे सुटतात. टोपली दोनदा भरली. केसवालीने थट्टा बंद केली. ती थट्टा बंद करते म्हणजे समजा आग लागलीय. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर माझी पिशवी होती आणि दोघी मायलेकी माझ्या डोक्यावरून भांडल्या.

"तुझ्या त्या क्लासने माझा हात बिघडवला! हात जाईल तिकडे म्हणे. गेला ना हात! आता आणू कुठून?"

"आई, हात त्याच्या आधीच बिघडला होता. म्हणून तर मी—"

"तुला काय कळतं? मला एवढंच येतं गं! डोळे! ते गेले तर मी कोण आहे, सांग ना!"

लेकीने उठून ठिबकणारा नळ घट्ट केला.  

मी ओरडत होते हो. लाकूड ओरडतं तेव्हा फक्त करकरतं, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. मला सांगायचं होतं, क्लासचा काही दोष नाही! मी मोजलंय! सोमवारी बातमी आली आणि सोमवारीच अकरा वेळा टेकवलास. तू डोळा काढतच नाहीयेस, तू तो धरून ठेवतेयस. मूठ आवळलेल्या हाताने कुणाला रेघ ओढता येते का? पण माझं कोण ऐकणार. मी रफ.

दुसऱ्या रविवारी ती क्लासला गेली नाही.

शेवटचा आठवडा. तीन कोऱ्या डोक्यांपैकी पहिलं बुधवारी बाद झालं. उजवा डोळा सुरेख आला आणि डावा घसरला. दुसरं शुक्रवारी. चमकेचा ठिपका देताना हात थरथरला आणि थेंब गालावर ओघळला. बाहुली रडतेय असंच दिसत होतं. फोरमननी ते डोकं उचललं, बराच वेळ बघितलं आणि पाठमोरं करून कपाटावर ठेवलं. उरलं एक.

शनिवार. नऊ वाजता ती बसली. समोर ते शेवटचं डोकं, मापाची पट्टी आणि मी. तिने ब्रश माझ्यावर टेकवला. उचलला. टेकवला. साडेनऊ. माझ्यावर आता बोट ठेवायला जागा नव्हती. दहा. ओठवाली पाणी ठेवून गेली, ते तसंच. साडेदहाला फोरमन दारातून डोकावले. "झालं?"

"होईल."

अकरा वाजता तिने शंभराव्यांदा ब्रश माझ्यावर टेकवला आणि उचललाच नाही.

मला वाटलं, विसरली. पण ब्रश हलला. ठिपक्याची रेघ झाली, रेघ चौदा वर्षांच्या रेघांवरून आडवी गेली आणि वळली. तिने काळा सोडून तपकिरी घेतला. मग निळा. मग ती हिरवी बाटली उघडली, जी फक्त महागड्या बाहुल्यांसाठी असते. लहान ब्रश टाकून दिला, मोठा घेतला. केसवाली कुजबुजली, "ताई, घड्याळ..." हिला ऐकूच गेलं नाही.

मी फक्त चुका झेलल्या होत्या आजवर, तेही टोचून टोचून. हे काही तरी वेगळंच होतं. अख्खा तळवा! ओला, गरम, रंगाने माखलेला तळवा माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं, आता रडणार. ती सणसणीत शिंकली. आणि शिंकल्यावर हसली. हसताना तिचा हात हलला! चौदा वर्षांत पहिल्यांदा! आणि त्या हललेल्या हाताने जे काही झालं तेही तिने तसंच राहू दिलं.

बाराला वीस मिनिटं. तिने हात पुसले. शेवटचं डोकं डाव्या हातात घेतलं, बारीक ब्रश बुडवला, सवयीने माझ्याकडे वळली... आणि थांबली. माझ्यावर जागाच नव्हती. टोकापासून टोकापर्यंत सगळं ओलं.

मी श्वास रोखला. केसवालीनेही.

तिने ब्रश सरळ बाहुलीला लावला.

पांढरं. तपकिरी. काळा ठिपका. सात रेघा. उजवा झाला. मधे थांबली नाही. पांढरं, तपकिरी, काळा, सात रेघा. हात असा चालला होता की जणू तो घरी चाललाय, वाट विचारायची गरजच नाही. चमक. आणि दुसरी चमक.

बाहुली बघायला लागली.

फोरमन आले, मागे मशीनवाला. पट्टी उजव्या डोळ्यावर. पट्टी डाव्या डोळ्यावर. पुन्हा उजव्यावर. मी तुम्हाला सांगते, तेवढ्या वेळात मी दोनदा वाळून पुन्हा ओली झाले.

"हं," फोरमन म्हणाले. आमच्या फोरमनचं 'हं' म्हणजे इतरांच्या टाळ्या. मशीनवाल्याने डोकं कापसात गुंडाळून डबीत ठेवलं. मग फोरमनची नजर माझ्यावर गेली. "आणि हे काय आहे?"

"माहीत नाही," डोळेताई म्हणाली. आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

"बरं. सोमवारपासून खुर्ची तुमची."

"बसेन, साहेब. पण अर्धा दिवस." तिने वाकून टेबलाखालचं पोतं पुढे ओढलं. "उरलेला अर्धा दिवस हे. यातला एकेक चेहरा वेगळा झिजलाय. मशीनला नाही जमायचं."

"ताई, आता कुठे सुटलो, आणि लगेच... वरच्यांना काय सांगू मी?"

"सांगा, पोत्याला अडखळून लोक पडत होते," केसवाली मधेच म्हणाली.

"बघू," फोरमन म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे पोरंही जाणतात. पण जाता जाता त्यांनी ते पोतं स्वतः उचललं आणि टेबलावर ठेवलं.

सोमवारी दुपारी पहिली बाहुली निघाली ती भावाने चाटलेली. डोळेताईने चिठ्ठी पुन्हा वाचली, उजव्या डोळ्याकडे बघितलं आणि डावा काढला. उजव्यासारखा नाही काढला. ब्रश कुठे टेकवला म्हणता? स्वतःच्या मनगटावर.

म्हणजे माझं काम संपलं. खोटं कशाला बोलू, लागलं मनाला. तिने मला घरी नेलं. लेकीने मला उभं धरून, आडवं धरून बघितलं.

"आई, हे काय आहे? झाड आहे की धूर?"

"माहीत नाही गं."

"मी उलटं धरलंय का?"

"असेल."

लेक खो खो हसली. मग एकदम तिने आईचा हात हातात घेतला आणि नखांतला हिरवा रंग उकरत बसली. 

मी स्वतःला कधी बघितलेलं नाही, हं. फळीला आपलं तोंड कुठून दिसणार? माझ्यावर काय आहे ते मी फक्त बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखते. फोरमननी मान तिरकी केली होती. केसवालीने चक्क तोंडावर हात ठेवला होता. चौदा वर्षांनी मी काहीतरी झाले होते, काहीतरी बघण्यासारखं! म्हणून आज सकाळी तिने मला पिशवीत घातलं तेव्हा वाटलं, चला, आता कौतुक. भिंतीवर खिळा ठोकला, मला टांगलं. मी ताठ झाले. आणि मग तिने पिवळ्याचा डबा उघडला.

"हिच्यावर?" मावशीनेसुद्धा विचारलं. "नक्की?"

"हो. खालचं खाली आहेच की."

हे ऐका! खालचं खाली आहेच म्हणे! बोलायला काय जातं. झाकली मी जाणार आहे. त्या चौदा वर्षांच्या रेघा, ती शिंक, तो तळवा... मला ओरडावंसं वाटलं, थांब, एवढं तरी राहू दे, कुणीतरी बघू दे! आणि तेव्हा मला ओळखीचं काहीतरी जाणवलं. हे आखडणं. हे मुठीत धरून ठेवणं. टेबलावर बसून मी तिच्या हातात हेच बघत होते ना, आणि मनात तिलाच शहाणपण शिकवत होते.

घ्या. दुसऱ्याला सांगणं फार सोपं असतं.

म्हणून आता फार बोलत नाही. एकच मागणं आहे. तुमच्याही टेबलावर माझ्यासारखी एखादी असेल. वहीचं शेवटचं पान, पुठ्ठ्याचा तुकडा, जिच्यावर तुम्ही पेन चालतंय का ते बघता आणि विसरता. तिच्याकडे एकदा नीट बघा. तुमचा हात कुणाचं ऐकत नव्हता तेव्हा कुठे जात होता, ते तिला माहीत असतं.

आली. बाह्या वर केल्यात. ब्रश गच्च भरलाय, थेंब जमिनीवर पडतायत. खाली कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालंय, भिंत थरथरतेय, नाहीतर मीच थरथरत असेन. ती सवयीने इकडेतिकडे बघतेय, ब्रश कुठे टेकवावा म्हणून. नाही गं बाई, दुसरी फळी नाही इथे. बाहुलीही नाही. आधी माझ्यावर आणि मगही माझ्यावरच.

ये.